नवव्या खांबाचा नारळ

‘वावटळ’ उभी राहताना गुणवंतराव काळमेघांनी पाहिली होती. तिच्या पोलादी रुळांचे तुकडे ट्रकमधून उतरवण्यापासून शेवटचा बोल्ट आवळण्यापर्यंत सारे त्यांच्या देखरेखीखाली झाले, आणि नंतर देखभाल पथकाचे प्रमुख म्हणून रोज पहाटे त्या रोलर कोस्टरला पायापासून माथ्यापर्यंत तपासण्यात त्यांची नोकरी सरली. तिच्यात बसले मात्र ते कधीच नव्हते. कुणी कारण विचारले तर म्हणत, “मले तिच्या पोटातलं सारं ठाऊक हाये. मंग मजा कशी येईन?”

जानेवारीतल्या त्या सकाळी मात्र त्यांची सुटका नव्हती. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. ‘नवलनगरी’ची दारे लोकांसाठी उघडण्यापूर्वीची पहिली गाडी फक्त पथकाची आणि त्यांच्या घरच्यांची, असे सहकाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. वर्ध्याच्या रस्त्यावरच्या त्या मोकळ्या माळावरची थंडी अजून ओसरली नव्हती. फलाटावर उद्यानाचे व्यवस्थापक सबनीस यांनी गुणवंतरावांच्या खांद्यावर शाल घातली, त्यांच्या पुणेरी मराठीत गौरवाचे चार शब्द बोलले, आणि श्रीफळ मात्र हातात न देता ताटात ठेवले. फेरी संपली की तोच नारळ गुणवंतरावांनी रोजच्याप्रमाणे नवव्या खांबाशी फोडावा, पण आज सर्वांच्या देखत, अशी योजना होती. गाडीत मोकळी वस्तू नेता येत नसे. म्हणून शालही घडी होऊन ताटाशेजारी राहिली.

पहिल्या रांगेत गुणवंतराव आणि त्यांची सून शलाका बसले. शलाका याच उद्यानात सुरक्षा अभियंता होती. कामावर ते तिला ‘मॅडम’ म्हणत आणि ती त्यांना ‘काळमेघ भाऊ’. घराच्या फाटकाशी स्कूटर थांबेपर्यंत दोघेही नात्याबाहेर असत, आणि पथकाला त्याची मोठी मौज वाटे. शलाकाचा नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, सहा-सहा महिने घरी नसे. घर म्हणजे ही तिघेच. तिसऱ्या, म्हणजे गुणवंतरावांच्या पत्नी सुलभाबाई, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. समोरचे काही दिसू नये म्हणून त्यांनीच ती जागा मागून घेतली होती.

“बसायचंच कशाला मग, आई?” शलाकाने विचारले होते.

“साऱ्या जन्माची सवत हाये ते माही,” सुलभाबाई म्हणाल्या. “एकडाव तिच्या घरी जाऊन तं पाहू.”

खांद्यावरून पोलादी बार खाली आले आणि छातीशी घट्ट बसले. मान थोडी डावी-उजवीकडे हलत होती, पण मागे वळून पाहता येत नव्हते. गाडी फलाटावरून निघाली, चढणीच्या साखळीने तिला पकडले आणि ती खडखडत वर जाऊ लागली.

पोलाद एकाएकी तुटत नाही. रोजच्या भाराने त्यात आधी केसापेक्षाही बारीक तडा पडतो. तो महिनोन्‌महिने, कणाकणाने, पुढे सरकत राहतो. पूर्वी असा तडा शोधणे हे डोळ्यांचे काम होते. संशय येईल त्या जागेवर पातळ लाल रंग लावायचा, तो मुरू द्यायचा, मग नीट पुसून घ्यायचा. पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण फटीत शिरलेला रंग पुसला जात नाही, आणि त्याची लाल रेघ तडा कुठे आहे ते दाखवते. पद्धत खात्रीची असली तरी वेळखाऊ होती. एवढ्या मोठ्या सांगाड्याचा इंच न्‌ इंच कोण रंगवणार?

‘श्रवण’ ही प्रणाली आली आणि ते काम डोळ्यांकडून कानांकडे गेले. तडा जेव्हा जेव्हा पुढे सरकतो, तेव्हा धातूत एक अतिसूक्ष्म कंप उठतो. माणसाला तो ऐकू येत नाही, पण पोलादातून तो दूरवर जातो. रुळांवर आणि खांबांवर वाटाण्याएवढे संवेदक चिकटवलेले होते. कोणत्या संवेदकाला कंप आधी पोहोचला आणि कोणत्याला नंतर, यावरून श्रवणला त्याची जागा कळे. कंपाच्या घडणीवरून त्याचे कारण कळे. पाखरू बसले, बोल्ट सैलावला की तडा सरकला, हे ती ओळखू शके. पथकाने तिचे नाव ‘कानोबा’ पाडले होते. आता लाल रंग कानोबा बोट दाखवील तेवढ्याच जागी लागे.

तिचा अधिकारही मोठा होता. दुसऱ्या एका उद्यानात घाबरलेल्या कर्मचाऱ्याने उंचावर अडकलेल्या गाडीचे बार उघडले आणि लोक पडले. तेव्हापासून नियमच झाला: गाडी मध्येच थांबली तर बार उघडायचे की फेरी पूर्ण करायची, हे प्रणालीने ठरवायचे. माणसाला फार तर दहा मिनिटे गाडी रोखून धरता येई. त्या वेळात प्रणालीला पटेल असे कारण दिले नाही, तर ती फेरी पुढे नेत असे. आकडेवारीही तिच्याच बाजूने होती. उंचावरून जिन्याने उतरताना माणसे पडतात. तपासलेल्या रुळावरून सहसा पडत नाहीत.

चढणीच्या माथ्याजवळ, शेवटचे थोडे अंतर उरले असताना साखळी थांबली. मागे कुणीतरी हसले, कुणी शीळ घातली. मग आसनाच्या ध्वनिवर्धकातून तो परिचित, नितळ आवाज आला.

“नवव्या खांबाच्या पायथ्याशी ध्वनी. ओळख: नारळ. मार्ग सुरक्षित आहे. प्रवास थोड्याच वेळात पुन्हा सुरू होईल.”

शलाकाच्या चेहऱ्यावर सवयीने हसू आले. ही ओळख तिनेच श्रवणला शिकवली होती. खांब उभारले जात असताना नवव्या खांबावरून सुखदेव उईके नावाचा तरुण कामगार पडून दगावला होता. तेव्हापासून गुणवंतराव रोज सकाळी त्या खांबाच्या पायाशी, जमिनीलगतच्या जाड पोलादी प्लेटच्या कोपऱ्यावर, एक नारळ फोडत आणि खांबाला हळदकुंकवाची तेलात भिजवलेली बोटे लावत. श्रवण बसवल्यावर पंचाईत झाली. करवंटी फुटण्याचा आणि तडा सरकण्याचा कंप फार जवळचा. दोन्ही तीक्ष्ण, क्षणात उठून विझणारे. रोज सकाळी धोक्याची घंटा होई आणि फाटकाबाहेर लोक ताटकळत. सबनीसांनी नारळ बंद करायला सांगितले. गुणवंतराव त्या रात्री घरी जेवले नाहीत. तेव्हा शलाकाने मधला मार्ग काढला. पंधरवडाभर ती रोज खांबाशी उभी राहिली. सासरे नारळ फोडत, ती नोंद करी, आणि नियमाप्रमाणे साक्षीदार म्हणून ते संवेदकाजवळ वाकून म्हणत, “हा माहाच नारळ.” ही जागा, ही वेळ, ही घडण म्हणजे नारळ, तडा नव्हे, हे श्रवण शिकली. मुख्य कार्यालयाला ही कल्पना इतकी आवडली की ‘विधीचे ध्वनी’ या नावाने ती पुढे डोंगरांवरच्या देवस्थानांच्या रोपवेंवरही गेली.

“शलाका,” गुणवंतराव शेजारून हळूच म्हणाले. कामाच्या जागी त्यांनी तिला नावाने हाक मारण्याची ती पहिलीच वेळ. “मी तं इथं हावो.”

तिला क्षणभर कळले नाही. मग तिने पायाखालचे इंटरकॉमचे बटण दाबले.

“पल्लवी, गाडी रोख. आत्ता.”

नियंत्रण कक्षात पल्लवी गावंडे होती. तिने प्रश्न न विचारता गाडी रोखून धरली आणि मग विचारले, काय झाले. शलाकाने ताटातला नारळ जागेवर आहे का ते बघायला सांगितले. काचेतून दिसतोय, पल्लवी म्हणाली, शालीजवळच आहे.

गुणवंतरावांनी मान वळवता येईल तेवढी वळवली आणि आवाज चढवला. “नारळ कोनं फोडला रे आज?”

मागून एकेकाची उत्तरे आली. सगळे पथक गाडीतच होते. कुणीतरी म्हणाले, भाऊ, तुमचा मान आम्ही कसा घेऊ? हशा पिकला. तो ओसरल्यावर वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

खाली कोवळे ऊन रुळांच्या एका अंगाला लागले होते. रात्रभर आकसलेले पोलाद उन्हाकडच्या बाजूने ताणू लागले असणार. बारीकसा तडा असेल तर तो सरकायची हीच वेळ, आणि नारळ फुटायचीही हीच वेळ. शलाकाला आठवण झाली ती मात्र निराळ्याच गोष्टीची.

“बाबा, नोव्हेंबरात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा नारळ कोण फोडत होतं?”

डोळ्यावर पट्टी बांधून ते घरी पडून असत. श्रवणचा रोजचा अहवाल तिला येई, आणि त्यात ‘नारळ’ ही नोंद असे. संध्याकाळी ती त्यांना सांगे, तुमचा नारळ फुटला हो, बाबा. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, त्यासाठी ती अहवालाची वाट पाही.

गुणवंतरावांचा हात डोळ्याकडे गेला.

“कामावर गेल्यावर मी साऱ्यायले विचारलं,” ते म्हणाले. “जो तो म्हने, मी नाई. मले वाटलं, पोट्टे लाजून राह्यले.”

इंटरकॉमवर आता सबनीस आले होते. शलाकाने त्यांना सांगितले, नारळ फुटलेला नाही, तो आवाज दुसऱ्या कशाचा तरी आहे, सगळ्यांना जिन्याने उतरवावे लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, कॅमेऱ्यात खांबाशी करवंट्या स्पष्ट दिसतात. त्या कालच्या आहेत, गुणवंतरावांनी सांगितले. सबनीस म्हणाले, असतील. पण उद्यानात चारशे माणसे कामाला आहेत, आज भाऊंचा शेवटचा दिवस, मायेपोटी कुणी आधीच एक फोडला नसेल कशावरून? आणि पहाटे रिकाम्या गाडीची चाचणी निर्विघ्न झाली होती.

“रिकामी गाडी हलकी असते, सर. ही भरलेली आहे. नववा खांब पहिल्या उताराच्या तळाशी आहे. सगळा भार तिथेच येतो.”

“आणि तो जिना पंधरा मजली इमारतीइतक्या उंचीवरून उतरतो, मॅडम. एका माणसापुरता, लोखंडी जाळीचा. तुमच्या मागे म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. वारा आहे. एखादी बाई त्यावरून घसरली, तर मी तिच्या घरच्यांना काय सांगू? मशीन रूळ सुरक्षित म्हणत होतं, पण आमच्या इंजिनिअरला वेगळं वाटलं?”

त्यांचे म्हणणे निर्बुद्ध नव्हते. म्हणूनच त्याचे उत्तर देणे कठीण होते. शिवाय सबनीसांची इच्छा असती तरी ते बार उघडू शकत नव्हते. श्रवणला जोवर तो आवाज नारळाचा वाटत होता, तोवर तिच्या हिशेबात सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे बारखालचे आसन आणि सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे समोरचा उतार. दहा मिनिटांतली काही सरली होती. गाडीचे नाक जवळजवळ माथ्याला टेकले होते. समोर शलाकाला फक्त आकाश दिसत होते, आणि त्याच्या काठावर जिथे रूळ संपल्यासारखा वाटे ती जागा.

“काऊन थांबली जी?” मागून सुलभाबाईंचा आवाज आला. त्या दिसत नव्हत्या. “माहे पाय बधिर व्हऊन राह्यले.”

“तुही सवत रुसली,” गुणवंतराव मोठ्याने म्हणाले. “समजूत काढून राह्यलो तिची.”

मग त्यांनी आवाज उतरवला. “ते जे शिकवलं तू कानोबाले, ते मागं नाई घेता येत?”

येत होते. ज्याने शिकवले आणि ज्याने साक्ष दिली, त्या दोघांच्या आवाजात ते मागे घेता येई. पण ते फक्त वावटळीपुरते राहिले नसते. शलाकाने तसे बोलून दाखवताच सबनीसांनी तिकडून दुजोरा दिला. ती ओळख मागे गेली की जिथे जिथे ती वापरात आहे तिथून ती त्याच क्षणी नाहीशी होणार होती. रोपवेवर कुठे घंटेचा, कुठे नारळाचा आवाज अनोळखी ठरेल आणि पाळणे दरीवर थांबतील. त्यांच्यातही माणसे असतील. आणि हे सगळे एका न फुटलेल्या नारळाच्या संशयावर. शेवटी चौकशी होईल, तेव्हा त्या ओळखीखाली नाव शलाका काळमेघ असेल.

गुणवंतरावांनी सगळे ऐकले. त्यांचा एक हात बारवर होता. अंगठ्याने ते बारच्या बिजागरीचा बोल्ट चाचपत होते, जणू कामावरच होते.

“मंग असं करू,” ते म्हणाले. “तू काई नको म्हनू. मी सांगतो कानोबाले, मी खोटी साक्ष देली. मी कुठंबी फोडत होतो, नाव नवव्या खांबाचं सांगत होतो. साक्षीदारच खोटा निघाला तं माही एकट्याची साक्ष जाईन नं? इथलीच?”

शलाकाने त्यांच्याकडे पाहिले. साक्षीदार खोटा ठरला तर श्रवण खरोखरच फक्त वावटळीवरची ओळख गोठवेल. बार उघडतील. रोपवे चालू राहतील. तिचे शिक्षण, तिचे काम, कार्यालयातली वाहवा, सारे जागच्या जागी राहील. आणि ज्या माणसाने जन्मात खोटा बोल्ट आवळला नाही, तो शेवटच्या दिवशी खोटा म्हणून घरी जाईल.

“आता माहं काय जाते?” ते म्हणाले. “शाल तं घेतली मी.”

“बाबा, तुम्ही खोटं सांगितलंत तर मशीनला वाटेल, माणूस चुकला. मी जे शिकवलं ते बरोबरच होतं.” ती शब्द तोलून बोलत होती. “आणि चुकलंय ते. तुमचा प्रत्येक नारळ खरा होता. त्यासारखं दिसेल ते सगळं नारळच, हे मी शिकवलं. ते पाळणे आज थांबले तर माणसं अडकतील. नाही थांबले, तर तिथला एखादा खांब माझ्या भरवशावर उभा राहील.”

“तुही नोकरी जाईन, बेटा.”

“हो.”

मागे एक लहान मूल रडू लागले होते. पल्लवीने दबक्या आवाजात सांगितले, तीन मिनिटं राहिली, ताई.

शलाकाने पायाखालचे बटण दाबून ठेवले. आपले नाव सांगितले, ओळखीचे नाव सांगितले, आणि मग एकेक शब्द सुटा उच्चारला: शिकवणीत चूक होती, ओळख मागे घ्यावी, सर्व ठिकाणी.

“साक्षीदाराची संमती आवश्यक आहे,” नितळ आवाज म्हणाला.

गुणवंतरावांनी डोळे मिटले. त्या दोन क्षणांत शलाकाला भीती वाटली की ते आपल्याच मनातले वाक्य बोलतील.

“गुनवंत काळमेघ,” ते म्हणाले. “माहे नारळ माहेच होते. आजचा माहा नाई. बाई म्हनते ते खरं हाये. मागं घे.”

काही क्षण काहीच घडले नाही. श्रवण आपल्या स्मरणातले नवव्या खांबाचे सारे ध्वनी, नारळ हा शब्द विसरून, पुन्हा ऐकत होती. शलाकाला ते कल्पनेत दिसत होते. सकाळमागून सकाळ, तेच ध्वनी, पण आता त्यांच्यावर नाव नाही.

“नवव्या खांबाच्या पायथ्याशी तडा वाढत असल्याची दाट शक्यता. पहिली खूण दिवाळीच्या आधीची. उतार बंद. आसने शेवटच्या रांगेपासून उघडत आहे. सूचनेची वाट पाहा.”

दिवाळीच्या आधी. म्हणजे सुट्टीतली ती सगळी गर्दी त्या उतारावरून गेली होती. शलाकाला तो विचार पुरता करता आला नाही, कारण मागे पहिले बार खटकन उघडले होते.

रांग रांग करून माणसे जिन्यावर जाऊ लागली. आधी पथकातल्यांनी मुले घेतली. पायांचे आवाज जाळीवर घुमत दूर जात होते. पहिल्या रांगेतल्या दोघांना यातले काहीच दिसत नव्हते. त्यांचे बार सगळ्यांत शेवटी उघडणार होते. दुसऱ्या रांगेचा बार उघडल्यावर मात्र पावले वाजली नाहीत.

“मी नाई जात,” सुलभाबाई म्हणाल्या. “खाली समदं दिसते. तुमी आधी उतरा.”

“आमचा बार तुह्या मागून उघडते. तू उतरल्याबिगर नाई उघडत.”

“मंग बसू इथंच तिघं.”

गुणवंतराव हसले नाहीत. “सुलभा, आयक. जिन्याकडं पाठ कर. इहिरीत उतरतो नं आपन, तसं. तोंड गाडीकडं, हात दांडीले. खाली पाहूच नको. मी बोलत राहतो.”

पुढची काही मिनिटे शलाका कधी विसरणार नव्हती. गुणवंतरावांना पत्नी दिसत नव्हती. त्यांच्यासमोर फक्त आकाश होते. ते तिच्या बांगड्या ऐकत होते. कठड्यावर हात सरकला की काचेचा बारीक आवाज होई, आणि मग ते म्हणत, हं, आता डावा पाय. बांगड्या थांबल्या की ते थांबत. एकदा पाय घसरल्याचा खरखराट आला आणि बांगड्या एकदम किणकिणल्या. ते उठायला पुढे झुकले. बार त्यांच्या छातीवर तसाच होता. मग खालून सुलभाबाई म्हणाल्या, “हावो मी. सांगा नं पुढं.”

बऱ्याच खाली आवाज पोहोचेनासा झाला. पल्लवीने कळवले की त्यांना मधल्या टप्प्यावर दोघांनी धरले आहे. तेव्हा कुठे पहिल्या रांगेचे बार उघडले. दोघेही लगेच उठले नाहीत.

जमिनीवर आल्यावर शलाकाने आधी रोपवेंची चौकशी केली. तीन ठिकाणी पाळणे थांबले होते, माणसांना उतरवून घेत होते. एका ठिकाणी बहुधा घंटाच होती. बाकी दोन ठिकाणचे अजून कळले नव्हते. सबनीस फोनवर होते. त्यांनी फोन कानापासून दूर केला, तिच्याकडे पाहिले आणि तिच्यासोबत नवव्या खांबाकडे चालू लागले. गुणवंतराव आधीच तिथे पोहोचले होते. कुणीतरी त्यांची शाल त्यांच्या खांद्यावर आणून घातली होती.

खांबाच्या पायाशी कालच्या करवंट्या पडल्या होत्या. प्लेट आणि खांब जिथे वेल्डिंगने जोडले होते, तो सगळा भाग हळद, कुंकू आणि तेलाच्या थरांनी झाकला होता. वर्षानुवर्षे त्यावर रोज नारळाचे पाणी ओघळले होते, वेल्डिंगच्या कडेला साचून मुरले होते. कडेचा रंग फुगून सुटला होता, खाली गंज होता. तपासणीच्या वेळी सगळे खांब पायापर्यंत घासून पाहिले जात. इथे मात्र कुणी हात लावला नव्हता. सुखदेवच्या जागेवरचे कुंकू कोण पुसणार? शलाकानेही कधी पुसले नव्हते. ती दरवेळी खाली वाकायची, नमस्कार करायची, आणि पुढे जायची.

“लाल रंग आणायला पाठवतो,” सबनीस म्हणाले. “चाचणी करून घेऊ.”

गुणवंतराव गुडघ्यांवर बसले. खांद्यावरची शाल त्यांनी काढली, तिचा एक पदर हातात गुंडाळला, खांबाला कपाळ टेकवले आणि पुसायला सुरुवात केली. वरचे थर भुकटी होऊन पडले. खालचे तेलकट थर शालीला लागत गेले, पिवळे, मग लाल, मग काळपट. ते कोपरे सोडत नव्हते. हळूहळू पोलाद उघडे पडले, राखाडी आणि स्वच्छ.

फक्त वेल्डिंगच्या कडेने एक रेघ राहिली. केसाएवढी, वीतभर लांब, लालभडक.

शालीची कोरी बाजू घेऊन त्यांनी ती पुन्हा पुसली. मग अंगठ्याने घासली. शलाका त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिने त्यांचा हात धरला.

“राहू द्या, बाबा,” ती म्हणाली. “ती नाही जायची.”